ओझी वाहायला आणि रानवाटांवर फिरायला साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटांची, कच्च्या वाटांवरची चारचाकी) घ्यायची आहे: १००० सीसीच हवी का, आणि जुनी घेताना काय बघावं?

तुमची गरज मला अशी समजली: चढउताराच्या जमिनीवर आठवड्यातले तीन-चार दिवस कुंपणाचे खांब, लाकूड आणि पाण्याची टाकी वाहायची आहे, शिवाय अधूनमधून तिघांनी मिळून रानवाटेने भटकायचं आहे. सीसीवरून सुरुवात करू नका. या गाड्यांत ओझ्याचा खरा मार इंजिनापेक्षा ट्रान्समिशनवर बसतो, आणि जुन्या गाडीचं आयुष्य बहुतांशी तिने किती धूळ गिळली यावर ठरतं.

आधी गाडीची जात ठरवा. पोलारिस रेंजर, कॅन-ॲम डिफेंडर, होंडा पायोनियर, कावासाकी म्यूल, जॉन डिअर गेटर या कामाच्या गाड्या: मागे उलटवता येणारा हौदा, खालचा गिअर बराच खाली, सीटवर चढणं-उतरणं सोपं. पोलारिस आरझेडआर, कॅन-ॲम मॅव्हरिक, होंडा टॅलन या वेगाच्या गाड्या. त्यांचं सस्पेन्शन भरपूर हलतं, पण सामानाला जागा नावापुरती. मधल्या जातीत पोलारिस जनरल आणि यामाहा वोल्व्हरिन येतात. तुमचं वर्णन वाचून मी पहिल्या जातीबाहेर बघणार नाही. कामाची गाडी रिकामी असताना मागून उडते, कारण तिच्या स्प्रिंगा ओझ्यासाठी असतात. पाचशे मीटरच्या टेस्ट राइडमध्ये तेवढ्यावरून तिला नापास करू नका.

आता ट्रान्समिशन. बहुतेक गाड्यांत सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुल्या आणि मध्ये रबरी पट्टा. पट्टा मरतो तो उष्णतेने. हाय गिअरमध्ये, भरल्या हौद्याने, दहा-पंधराच्या वेगाने चढ चढलात की पुली पट्ट्याला पुरती आवळत नाही. पट्टा घसरतो, तापतो, त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते आणि मग तो आणखीच घसरतो. म्हणून ओझं, ट्रेलर, चिखल किंवा उभा चढ असेल तर लो गिअर, तेही गाडी पूर्ण थांबवून टाकायचा. सीव्हीटीत पाणी शिरलं तर न्यूट्रलमध्ये रेस देऊन पट्टा वाळवायचा, आणि पट्ट्याच्या बंद खोक्याला पाणी काढायचा ड्रेन प्लग असेल तर तो आधी उघडायचा.

पट्टाच नको असेल तर होंडा पायोनियर १००० मध्ये गिअरची ड्युअल क्लच ट्रान्समिशन आहे. कुबोटाच्या आरटीव्ही-एक्स११०० मध्ये डिझेल इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी ट्रान्समिशन आहे. ही गाडी वेगाला मंद आणि आवाजाला मोठी, पण दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे करायचं असेल तर तिच्याइतकी सोशीक दुसरी मिळणं कठीण. फिरायला मात्र तिचा कंटाळा येईल.

उतारासाठी एक गोष्ट विक्रेत्याला नक्की विचारा: इंजिन ब्रेकिंग आहे का, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं का? साध्या सीव्हीटीत ॲक्सिलरेटर सोडला आणि इंजिनाचे फेरे उतरले की क्लच सुटतो, आणि भरलेली गाडी उतारावर मोकळी धावू लागते. सगळा भार ब्रेकवर येतो आणि चिखलात ब्रेक पॅड भराभर झिजतात. ऐकून विश्वास ठेवू नका. लो गिअरमध्ये उतारावर पाय काढा आणि गाडी स्वतःला धरते का ते पाहा.

सीसीचं उत्तर एका ओळीत: सपाटीवर आणि दोन माणसांसाठी ५००-६०० सीसीचं एक सिलिंडर पुरतं, तुमच्या चढांवर तिघे अधिक ओझं असेल तर ८०० ते १००० सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन घ्या.

क्षमतेचा आकडा वाचताना बहुतेकांचा हिशेब इथे चुकतो. एकूण पेलोडमध्ये, म्हणजे गाडी वाहू शकते त्या वजनात, माणसंही येतात आणि मागाहून बसवलेलं सामानही. समजा पेलोड ६८० किलो आहे. तीन माणसांचे २४० गेले, छत, काच आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) यांचे १०० गेले, उरले ३४०. हौद्यावर ४५० लिहिलेलं असलं तरी तुमची मर्यादा ३४०च. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, वर टाकीचं वजन. शिवाय अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी त्याच बाजूला कलते. आत आडपडदे असलेली बुटकी टाकी घ्या, ती हौद्यात पुढे सरकवून पट्ट्यांनी आवळा आणि आडव्या उतारावरून जाऊच नका. ट्रेलर ओढण्याचा आकडा सपाट जमिनीचा समजा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर तोच गाडीला ढकलतो.

रुंदी साधारण तीन मापांत मिळते: ५० इंच, ६०-६५ इंच आणि ७२ इंच. अमेरिकेत बऱ्याच वनवाटांवर ५० इंचांची मर्यादा आहे. २००८ ची पहिली आरझेडआर त्याच मापाची होती. अरुंद गाडी झाडांतून निघते, पण लवकर कलंडते. फाटक, शेड आणि वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या दोन मडगार्डांमधलं अंतर आधी टेपने मोजा. चार दारांची लांब गाडी ट्रेलरवर न मावल्याचं घरी आणताना कळणं वाईट.

जुनी गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. सायलेन्सरला हात लावा. तो गरम असेल तर थंड इंजिनाची कुरकुर लपवली गेली असण्याची शक्यता आहे. मग मीटर वाचा. किलोमीटर भागिले तास केलं की सरासरी वेग निघतो. ४०० तासांत ४००० किलोमीटर म्हणजे ताशी १०, गाडी कामाला होती आणि बराच वेळ आयडलवर उभी होती. ताशी तीसच्या पुढे सरासरी असेल तर तिला पळवलंय. यातलं कुठलंच वाईट नाही, पण विक्रेता सांगतो ते याच्याशी जुळलं पाहिजे.

नंतर एअर फिल्टरचा डबा उघडा. अख्ख्या तपासणीत माझा सर्वाधिक भरवसा यावर आहे. फिल्टर काढून त्याच्या इंजिनाकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. बारीक धूळ आली तर ती सिलिंडरपर्यंत पोहोचली आहे, पिस्टन रिंगा घासल्या आहेत, आणि नवा कोरा फिल्टर बसवलेला असणं हा त्यावरचा खुलासा नव्हे. फार तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या आणि आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. दोन सिलिंडरांतला फरक मोठा असेल तर गाडी सोडून द्या.

पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून धुतली जाते, आतून नाही. डॅशबोर्डच्या मागे, हेडलाइटच्या आत, सीटखाली, वायरींच्या जोडांत वाळलेला गाळ शोधा. जोडांवर हिरवट गंज म्हणजे पुढची दोन वर्षं इलेक्ट्रिकची डोकेदुखी. इंजिन ऑइल आणि दोन्ही डिफरन्शियलचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, बहुधा हवेच्या ब्रीदर नळीतून. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट चालते, चमकणारे तुकडे चालत नाहीत.

मग गाडी जॅकवर घ्या. चाक १२ आणि ६ वर धरून हलवा: खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ आणि ९ वर हललं तर टाय रॉड. ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालेलं असेल तर सांध्यात वाळू गेलीच समजा. खालची स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा) काढायला सांगा आणि ए-आर्म (चाक धरणारे दांडे) जिथे चेसिसला जोडलेत तिथल्या वेल्डिंगवर तडे बघा. तिथेच तेवढा ताजा रंग दिसला तर विचारपूस करा. माणसांभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याची वरची नळी वाकलेली किंवा वेल्ड केलेली असेल तर गाडी उलटलेली आहे. ती घेऊ नका.

सीव्हीटीचं झाकण उघडू देत असतील तर पट्ट्याच्या बाजूची चकाकी, तडे, एकाच जागी झालेला खळगा आणि शाफ्टभोवती गुंडाळलेले धागे बघा. पट्टा स्वतः बदलता येतो, पुल्यांवर खाचा पडल्या असतील तर खर्च वेगळाच. फोर-व्हील तपासायला सैल माती हवी: काही गाड्यांत मागचं चाक घसरल्यावरच पुढची चाकं ओढू लागतात, त्यामुळे कडक जमिनीवर काहीच कळत नाही.

चेसिस नंबर कागदांशी जुळवा आणि त्याच नंबरावर कंपनीकडे रिकॉल (दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) तपासा. २०१६ च्या एप्रिलमध्ये पोलारिसने आगीच्या धोक्यामुळे २०१३ ते २०१६ मॉडेलच्या सुमारे १,३३,००० आरझेडआर परत बोलावल्या होत्या. जुन्या बाजारातल्या गाडीवर ते काम झालंय की नाही, हे मालकालाही ठाऊक असेलच असं नाही.

मोठे टायर आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) बसवलेली गाडी रुबाबदार दिसते. मी मात्र तिथे सावध होतो: मोठ्या चाकाने पट्ट्यावरचा भार वाढतो, लिफ्टने ॲक्सलचे सांधे तिरके चालतात आणि गाडी उलटायला सोपी होते.

नवी घेतलीत तर छत आणि विंच सोबतच ठरवा. विंचची ओढ भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट हवी. फक्त पुढची पूर्ण काच बसवू नका. मागून हवा आत ओढली जाते आणि सगळी धूळ मानेवर येते. मागचं पॅनेलही घ्या किंवा पुढे अर्धी काच ठेवा. पहिले काही तास पूर्ण ॲक्सिलरेटर नको, नवा पट्टाही तेवढ्यात बसतो. पहिलं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांवरच बदला, वर्ष संपायची वाट पाहू नका. आणि एक सुटा पट्टा, तो बदलायची हत्यारं आणि झाकणाच्या बोल्टच्या मापाचा पाना सीटखाली ठेवा. बदलायचं काम एकदा घरी, उजेडात करून पाहा.