न्यूयॉर्कला अ‍ॅमेझॉनच्या गोदामात युनियन मतदान जिंकली, मग करार का होत नाही?

तुम्ही विचारलंय की युनियन हवी की नको यावरचं मतदान २०२२ मध्ये कामगार जिंकले, तरी कंपनीशी पगाराचा आणि कामाच्या अटींचा करार झाला नाही, म्हणजे युनियनवाले कच्चे पडले का, आणि असं भिवंडीत होऊ शकेल का. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका युनियनच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळतो. अमेरिकेला कधी गेलेलो नाही, पण या प्रकरणावर पहिल्यापासून लक्ष ठेवून आहे. कच्चे पडले हे थोडं खरं आहे. पण त्याहून मोठं कारण असं की तिथे वेळ काढणं कंपनीला परवडतं, आणि तेवढा वेळ गोदामातली माणसं टिकत नाहीत.

स्टेटन आयलंडवरच्या या गोदामाचं नाव जेएफके-८. मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने काही कामगार काम सोडून बाहेर आले. पुढाकार घेणाऱ्या ख्रिस स्मॉल्सला त्याच दिवशी नोकरीवरून काढलं. क्वारंटाइन मोडलं, हे कंपनीने दिलेलं कारण. नंतर कंपनीच्या मुख्य वकिलाचं एक टिपण फुटलं. हा माणूस हुशार नाही, त्याला धड बोलता येत नाही, त्यामुळे सामना 'आम्ही विरुद्ध तो' असा रंगला तर आपलंच फावेल, असा त्याचा सूर. दोन वर्षांनी त्याच माणसाने त्यांना हरवलं.

हरवलं ते गेटबाहेरच्या बस स्टॉपवर. स्मॉल्सने तिथे तंबू ठोकला. शिफ्ट सुटली की कामगार बसची वाट बघत उभे राहायचे, तेव्हा त्यांना खायला घालायचं, थंडीत शेकोटी पेटवायची आणि बोलता बोलता युनियन हवी असं सांगणाऱ्या कार्डावर सही घ्यायची. आत त्याचा साथीदार डेरिक पामर कामावर होताच, तो ब्रेकरूममध्ये माणसं धरायचा. आमच्याकडे गेट मीटिंगला एक वक्ता आणि समोर घरी जायची घाई झालेले दोनशे लोक असतात. त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण कार्डांचीच गंमत बघा. तिकडे मतदान मागायचं तर निदान ३० टक्के कामगारांच्या सह्या लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्मॉल्सच्या युनियनने अर्ज केला आणि नोव्हेंबरात मागे घेतला, कारण पडताळणीत सह्या कमी भरल्या. सही करणारे बरेच जण तोवर नोकरी सोडून गेले होते. महासाथीच्या आधीसुद्धा अ‍ॅमेझॉनच्या ताशी पगारावरच्या कामगारांची गळती वर्षाला सुमारे १५० टक्के होती, असं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२१ मध्ये छापलं होतं. म्हणजे तुम्ही सभासद करत राहायचं आणि तळातून माणसं गळत राहायची. डिसेंबरात त्यांनी पुन्हा अर्ज केला. १ एप्रिल २०२२ ला निकाल लागला : बाजूने २,६५४, विरोधात २,१३१. पण मतदारयादीत नावं होती ८,३२५. युनियनला हो म्हणणारे एकतृतीयांशही नव्हते. जल्लोषात हा आकडा फारसा कोणी बोललं नाही.

कंपनीने आक्षेप घेतले. ते फेटाळून श्रम मंडळाने (ही मतदानं घेणारी तिथली सरकारी संस्था) युनियनला मान्यता द्यायला जानेवारी २०२३ उजाडला. तरीही कंपनी वाटाघाटीला बसली नाही. २०२४ मध्ये तर श्रम मंडळच घटनाबाह्य आहे, असा दावा घेऊन ती कोर्टात गेली. तिथला कायदा सांगतो की प्रामाणिकपणे बोलणी करा. करार कराच असं सांगत नाही. बोलणी टाळली म्हणून दंडही नाही, फार तर पुन्हा आदेश निघतो. वकिलांची फी भरायला अ‍ॅमेझॉनला काय जड आहे?

आता कच्चेपणाकडे येतो. जिंकल्यावर महिनाभरातच समोरच्या एलडीजे-५ या कंपनीच्याच दुसऱ्या केंद्रात युनियन ६१८ विरुद्ध ३८० अशी हरली. मग आपसात भांडणं जुंपली. स्मॉल्स गावोगाव भाषणं करत फिरतो आणि गोदामाकडे बघत नाही, ही तक्रार घरातूनच आली. शेवटी जून २०२४ मध्ये ही युनियन टीमस्टर्स या जुन्या, बलाढ्य युनियनमध्ये सामील झाली आणि त्यानंतर नेतृत्वही बदललं. त्या डिसेंबरात ऐन सणाच्या गर्दीत संपही झाला. मतदानाला तीन वर्षं झाली तेव्हाही करार नव्हता.

कायदा कडक असता तर? कॅनडातल्या क्यूबेकमध्ये पहिला करार लवादामार्फत ठरवून घेता येतो. मे २०२४ मध्ये तिथल्या लावाल शहरातल्या कंपनीच्या गोदामात युनियनला मान्यता मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने त्या प्रांतातली आपली सातही केंद्रं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे १,७०० कायम नोकऱ्या गेल्या. युनियनशी संबंध नाही, खर्च वाचवतोय, असं कंपनीचं म्हणणं. ज्याला पटेल त्याने पटवून घ्यावं.

भिवंडीत घोडं आणखी आधीच अडतं. तिथे बहुतेक माणसं ठेकेदाराच्या हजेरीपटावर, काही महिन्यांनी 'ब्रेक' देऊन पुन्हा घेतलेली. सभासदत्वाची पावती फाडायची तर मालक म्हणून नाव कोणाचं लिहायचं? मूळ कंपनी म्हणते आमची नव्हेत, आणि ठेकेदार पुढच्या वर्षी बदललेला असतो. मला वाटतं, उत्तर आपल्याच १९६९ च्या माथाडी कायद्यात आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या त्या कायद्यात कामगाराची नोंद मालकाकडे नाही, माथाडी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावर टक्केवारीने लागणारी लेव्ही मंडळात भरतो, पगार, फंड, बोनस मंडळ देतं. मालक बदलला तरी माणूस नोंदीत राहतो आणि त्याची युनियनही. म्हणूनच गोदामवाल्यांचं पहिलं वाक्य असतं, 'आमच्याकडे माथाडी कामच नाही.' भिवंडीत कोणी काही करणार असेल तर आधी या वाक्याशी भांडावं, मतपेटी नंतर.