टायपिंग शिकवू का, की आता सगळं बोलूनच होणार?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. तिला दहा बोटांनी टायपिंग शिकवावं असं मला वाटतंय, पण घरात सगळे म्हणतात पाच-सात वर्षांत कीबोर्डच राहणार नाही, मग कशाला वेळ घालवायचा?

उत्तर : शिकवा हो ताई, नक्की शिकवा. बोलून कॉम्प्युटर चालवायचा प्रयत्न आजचा नाहीये. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेचं 'ऑड्री' नावाचं मशीन फक्त बोललेले आकडे ओळखायचं, 1962 मध्ये आयबीएमचं 'शूबॉक्स' 16 शब्दांपर्यंत पोचलं, आणि आज फोन आपलं मधेच इंग्रजी घुसडलेलं बोलणंसुद्धा बऱ्यापैकी लिहून काढतो. ही प्रगती खरीच आहे, मी स्वतः रोज वापरते. पण लिहिलेलं दुरुस्त करायला गेलात की कळतं, "तिसऱ्या ओळीतला दुसरा 'पण' काढ" असं बोलत बसण्यापेक्षा बोटाने खोडणं कितीतरी सोपं. शिवाय एका खोलीत दहा जण आपापल्या मशीनशी बोलायला लागले तर काय होईल बघा, आणि पासवर्ड काय मोठ्याने सांगणार? मला तर लिहिता लिहिताच सुचतं, अर्धं वाक्य लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं, ते बोलताना होतच नाही.

आणि नवीन आलं की जुनं जातंच असं नाही. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने 1968 च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माऊस सगळ्यांसमोर चालवून दाखवला तेव्हा त्याच टेबलावर कीबोर्ड होताच. 2007 मध्ये आयफोनने बटणांचा कीबोर्ड काढला आणि लगेच काचेवर तोच काढून दिला, अक्षरांचा क्रमसुद्धा एकोणिसाव्या शतकातल्या टाइपरायटरचाच!

बदलतंय ते वेगळंच आहे आणि मुलीला तेही शिकवा असं मला फार वाटतं. आत्तापर्यंत प्रत्येक पायरी आपण करायचो, इथे क्लिक, तिथे सेव्ह. 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हापासून आपण नुसतं काय हवंय ते सांगतो आणि पायऱ्या मशीन ठरवतं. 1984 च्या अॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर मेन्यू उघडला की काय काय करता येतं ते समोर दिसायचं, चॅटच्या रिकाम्या चौकोनात काहीच दिसत नाही, विचारायचं काय ते आपल्यालाच सुचावं लागतं. "जुने फोटो काढून टाक" म्हटलं तर जुने म्हणजे कधीचे? मशीन स्वतःच काहीतरी ठरवून मोकळं होईल. म्हणून नेमकं सांगायची सवय लावा, काम झाल्यावर त्याने नक्की काय केलं ते उघडून बघायची, आणि पुसायच्या आधी ते परत आणता येईल ना हे विचारायचीसुद्धा.

प्रश्न : वडिलांचे हात थरथरतात, टचस्क्रीनवर भलतंच काहीतरी दाबलं जातं आणि ते चिडून फोन ठेवून देतात. आवाजावर चालणारं एखादं वेगळं यंत्र घेऊ का?

उत्तर : आधी आहे तो फोन बघा. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, तिथे बऱ्याच फोनवर बोट किती वेळ टेकलं की दाबलं असं धरायचं ते वाढवता येतं, अक्षरं मोठी करता येतात. आवाजाची सोयही बहुतेक तिथेच सापडेल, आयफोनवर व्हॉइस कंट्रोल आणि अँड्रॉइडवर व्हॉइस अॅक्सेस. ते चालू करून नंबर दाखवायला सांगितलं की स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणावर आकडा येतो आणि नुसता आकडा म्हटला की ते बटण दाबलं जातं, हात लावायलाच नको. वर ज्या कीबोर्डची मी एवढी बाजू घेतली तो तुमच्या वडिलांच्या कामाचा नाही, त्यांना आवाजच हवा. फक्त कुठल्या भाषेतल्या आज्ञा चालतात ते आधी तपासा, आणि पहिले आठ दिवस फक्त फोन लावणं आणि उचलणं एवढंच त्यांच्याकडून करून घ्या.