इंजिन उघडू देऊ नका, आधी संयुक्त पाहणी मागा

प्रश्न: माझ्या चार सिलिंडरच्या टर्बो गाडीचं इंजिन मी एका गॅरेजकडून नव्याने बांधून घेतलं. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन आणि त्यांना क्रँकशी जोडणारे रॉड, मोठा टर्बो, नवं ट्यूनिंग. रोज रस्त्यावर चालवायची आणि अधूनमधून ट्रॅकवर न्यायची, हे मी व्हॉट्सअॅपवर स्पष्ट लिहिलं होतं. ‘४०० हॉर्सपॉवर, निर्धास्त राहा’ असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा ट्रॅकवर नेली आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गॅरेजवाले म्हणतात, तुम्ही जास्त आरपीएमवर ताणलं. शिवाय बिलावर ‘ट्यून केलेल्या इंजिनला गॅरंटी नाही’ असं छापलेलं आहे. उरलेले पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाहीत आणि आता इंजिन उघडून बघतो म्हणतात. काय करू?

उत्तर: आजच्या आज लेखी कळवा की तुमच्या आणि स्वतंत्र तज्ज्ञाच्या गैरहजेरीत इंजिनला पाना लावायचा नाही. बाकी सगळं त्यानंतर.

कारण तुमची खरी साक्ष त्या धातूत आहे. रॉडचं बेअरिंग कोरडं पडून जळालं असेल, तर ऑइल पोचलेलं नाही. ट्रॅकच्या लांब वळणावर सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. ट्रॅकसाठी इंजिन बांधणाऱ्याने याची सोय करायलाच हवी. पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांची कड तुटली असेल, तर संशय नॉकिंगवर, म्हणजे इंधनाच्या अवेळी भडक्यावर आणि पर्यायाने ट्यूनिंगवर जातो. रिंगांची टोकं एकमेकांना भिडल्याच्या खुणा असतील, तर फट कमी ठेवली गेली. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढला की उष्णता वाढते, रिंग प्रसरण पावते आणि तिला जागा लागते. आणि पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्ह आपटल्याचे ठसे सापडले, तर ती अति आरपीएमची खूण मानली जाईल आणि पारडं तुमच्या विरुद्ध झुकतं. घाईत चुकीचा खालचा गिअर पडला, तर आरपीएम रोखणारा रेव्ह लिमिटरही इंजिनला वाचवू शकत नाही. असं काही झालं असेल तर तुमच्या वकिलाला आत्ताच खरं सांगा. आरपीएमचा तो आकडा इसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) लॉगमध्ये असू शकतो आणि तो समोरच्याकडून कळणं फार महागात पडतं.

तो लॉग आणि व्हॉट्सअॅपचे संदेश जपा. फोन बदलू नका, काही पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदी प्रमाणपत्रासह दाखल कराव्या लागतात.

बिलावरच्या त्या ओळीला फार घाबरू नका. काम ठरलं तेव्हा ती तुम्हाला दाखवली नसेल, तर नंतर छापून आल्याने ती कराराची अट होत नाही. वस्तू विक्री अधिनियम १९३० चं कलम १६ सांगतं की ग्राहकाने गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवली, तर दिलेली वस्तू त्या कामाला योग्य असायला हवी. तुमचा ‘ट्रॅकवरही न्यायची’ हा संदेश म्हणूनच मोलाचा आहे. मजुरीतल्या दोषासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार होते, मुदत दोन वर्षांची. गाडी भाड्याने किंवा धंद्यासाठी वापरत असाल, तर मात्र तुम्हाला ‘ग्राहक’ मानण्यावरच हरकत येईल. सुट्या भागांतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण नमुना आधीच कुणी उघडून पुसून ठेवला असेल, तर त्याची किंमत किती उरणार?

गाडी अडवण्याचा गॅरेजचा हक्क खोटा नाही. करार अधिनियम १८७२ च्या कलम १७० खाली कारागिराला मेहनतान्यापोटी वस्तू ताब्यात ठेवता येते, पण काम ठरल्या उद्देशाप्रमाणे केलेलं असलं तरच. इथे तेच वादात आहे. माझा सल्ला असा की रक्कम ‘हक्क राखून’ भरा, तसं पावतीवर लिहून घ्या आणि गाडी बाहेर काढा. तत्त्वासाठी पैसे अडवून पुरावा त्यांच्या ताब्यात ठेवू नका.

आता जे सांगतोय ते तुम्हाला आवडणार नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करतं. कलम १८२अ(४) खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गॅरेजचा वकील हेच पुढे करून म्हणेल की कराराचा उद्देशच बेकायदा होता, म्हणून करार अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे करार रद्दबातल. तेव्हा तुमच्या इंजिनात नेमकं काय बदललं, हे आरसीशी ताडून बघा. ब्लॉक दुसऱ्या गाडीचा बसवला असेल, तर इंजिन क्रमांक वेगळा असेल. इंजिन बदलल्याचं १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवावं लागतं, आणि ते राहिलं असेल तर तक्रारीआधी ते निस्तरा.

विम्याकडून या नुकसानीची आशा धरू नका. बदल कळवले नसतील तर दावा नाकारायला ते कारण पुरतं, आणि आयोजित शर्यत व वेगचाचणी पॉलिसीतून वगळायला कायद्याचीच मुभा आहे. तुमचं ते ट्रॅक सत्र यात मोडतं का, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरेल. ती पॉलिसी, ऑइलची बिलं आणि डायनो (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या) चाचणीचा कागद एकत्र ठेवा. नोटीस लिहिताना तिन्ही लागतील.