वडिलांच्या मागे राहिलेली बारा बोअर बंदूक : किंमत किती, आणि विकायची कशी?

प्रश्न (रावेर तालुक्यातील वाचक) : वडिलांना जाऊन पाच महिने झाले. त्यांच्या परवान्यावरची बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन बंदूक (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची) आणि थोडी काडतुसं घरातल्या कपाटात आहेत. धाकटा भाऊ अर्धी किंमत मागतो. फैजपूरकडचे एक ओळखीचे बागायतदार, स्वतः परवानाधारक, रोख देऊन लगेच न्यायला तयार आहेत. किंमत किती धरावी?

उत्तर : भाऊ, किमतीचं नंतर बोलू. आज ती बंदूक तुमच्या कपाटात आहे, हीच खरी अडचण. परवाना वडिलांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे असं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. पाच महिने म्हणजे विलंब झालाच. दुखवट्याच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात येत नाही, मी समजू शकतो. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना ताब्याला किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद आहे. उद्याच ठाण्यात जा. मृत्यू दाखला, मूळ परवाना आणि उशीर का झाला याचा साधा अर्ज सोबत न्या, आणि बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या लिहिलेली पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका. एक सांगतो, पंप अ‍ॅक्शनमध्ये नळी रिकामी दिसली तरी खालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या भागात, काडतूस असू शकतं. हाताळायची सवय नसेल तर आधी ठाण्याला फोन करा, त्यांचा माणूस येऊन नेऊ द्या.

जमा केली म्हणजे बंदूक गेली, असं नाही. ठरावीक मुदतीत कायदेशीर वारस ती पात्र परवानाधारकाला विकू शकतो आणि पैसे त्यालाच मिळतात. मुदत उलटली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. त्या बागायतदारांना आज रोख घेऊन हातोहात देणं हे सगळ्यात वाईट. बेकायदा विक्रीला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यांच्या परवान्यावर बारा बोअरला जागा आहे का, आधीच दोन शस्त्रं आहेत का, हे पाहा. दोनपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. मग जिल्हाधिकारी कार्यालयात त्यांचं नाव-पत्ता देऊन विक्रीच्या परवानगीचा अर्ज करा. तुम्हालाच बंदूक ठेवायची असेल तर शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाला परवान्याची सोय आहे. नंतर विकायची झाली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागेल.

आता किंमत. जमिनीसारखा रेडी रेकनर बंदुकीला नाही. कायदेशीर गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे नव्या बंदुकीच्या किमतीवरून अंदाज बांधू नका. पाहणारा नळीच्या आत गंजाचे खड्डे आहेत का बघतो, पुढचा पंप किती ढिला झालाय, रिकामं काडतूस झटक्यात बाहेर पडतं का, दस्त्याला तडा आहे का ते तपासतो. बिल असेल तर उत्तम. नंबर खोडलेला असेल किंवा नळी कापून आखूड केली असेल तर मात्र किमतीचा विषयच संपला. बारा बोअरची नळी 20 इंचांच्या आत गेली की ती प्रतिबंधित वर्गात, म्हणजे साध्या परवान्यावर न ठेवता येणाऱ्या शस्त्रांत, जाते. परवानाधारक दोन विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्या. विक्रेता स्वतःचा नफा ठेवून कमीच सांगेल, बागायतदार थोडं जास्त देतील. त्या दोन्हींच्या मधला आकडा घरात मान्य होण्यासारखा असतो.

आणि भावाला ‘अर्धी’ म्हणू देऊ नका, तुम्हीही म्हणू नका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई आणि बहिणींचा वाटाही तुमच्याइतकाच आहे. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर तिचाही. कचेरीत सगळ्या वारसांची ना-हरकत मागतातच. तेव्हा लेखी अंदाज हातात आले की आधी आईसमोर ठेवा, मग सगळ्यांच्या सह्या घ्या.