इनफिल्डसाठी चामड्याचा बेसबॉल ग्लव्ह कोणता घ्यावा?

तुमचा मुलगा सोळा वर्षांचा, फोंड्यात शॉर्टस्टॉपला (इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या आतल्या भागात, सेकंड नि थर्ड बेसच्या मधली जागा) खेळतो आणि पहिलाच चांगला ग्लव्ह घ्यायचाय, तर सरळ 11.5 इंची घ्या. सेकंड बेसला 11.25, थर्डला 11.75 चालतो. पण वाढतं वय म्हणून 12.5 इंची नको, तो आउटफिल्डचा, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात खेळणाऱ्यांचा. इनफिल्डरला चेंडू पकडला की लगेच काढून फेकायचा असतो, त्यामुळे ग्लव्हमधला खळगा, जिथे चेंडू बसतो, तो उथळच हवा. अंगठा नि बोटांमधली जाळी आय-वेब, म्हणजे इंग्रजी I सारख्या पट्ट्यांची मोकळी, बघा. हलकी असते, माती अडकत नाही.

स्टीअरहाइड (बैलाचं) चामडं जाड नि टिकाऊ, किप (कोवळ्या गुरांचं) हलकं पण महाग. पहिल्यासाठी मी स्टीअरहाइडच सांगेन. हातात घेताच मऊ लागणारा ग्लव्ह लवकर आकार सोडतो. थोडा ताठ घ्या आणि रोज कॅच घेऊन मुरवू द्या. मुलगा उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लव्ह डाव्या हातात घालायचा हवा. ऑनलाइन मागवताना इथेच चूक होते.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलात तर बुरशी आलीच म्हणून समजा. ओला झाला तर पुसून, खळग्यात चेंडू ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात अजिबात नको. तेल अगदी बोटभर, नाहीतर चामडं जड होतं.