गुन्हा राजकीय असेल तर प्रत्यार्पण टाळता येते का?
टाळता येते, पण हे संरक्षण वाटते तितके भक्कम नाही. भारताच्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचे कलम ३१ राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी आरोपीला परदेशाच्या स्वाधीन करण्यास मनाई करते. मात्र खून, अपहरण यांसारखे गुन्हे, हेतू कितीही राजकीय असला तरी, त्याच कायद्याच्या परिशिष्टाने या सवलतीबाहेर ठेवले आहेत. सावरकरांचे प्रकरण तर याहून बोलके आहे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून निसटून ते किनाऱ्याला लागले, तेव्हा फ्रेंच शिपायाने त्यांना धरून प्रत्यार्पणाच्या कोणत्याही प्रक्रियेविना पुन्हा बोटीवर पोचवले. फ्रान्सने हरकत घेतली; परंतु हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी ही अनियमितता मान्य करूनही त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असाच निवाडा दिला.