गडाच्या पायी वारीत जुलाब लागू नयेत म्हणून रोज गोळी घ्यावी का?

भाऊ, चैत्रात अमळनेरहून सप्तशृंगी गडावर पायी निघताय, सोबत साठी ओलांडलेली, शुगर असलेली आई. आणि मेडिकलवाला म्हणतो, जुलाब लागूच नयेत म्हणून रोज एक नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल, म्हणजे जंतू मारायची अँटिबायोटिक गोळी, घ्या. नका घेऊ.

मी हा उद्योग करून बसलोय. खिशात पाकीट होतं म्हणून बिनधास्त, दिसेल तिथे बर्फ घातलेला उसाचा रस. मालेगाव यायच्या आत डबा घेऊन शेतात पळत होतो.

गोळी विषाणूंवर चालत नाही, आणि नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना आपल्याकडचे कितीतरी जंतू आता दाद देत नाहीत. मरतात ते पोटातले चांगले जंतू. त्यांच्या जागी औषधाला न जुमानणारे येऊन बसतात. त्याहून मोठी गंमत म्हणजे, याच गटाने पोटरीला टाचेशी बांधणारी जाड शीर सुजू शकते, क्वचित तुटतेही. साठीनंतर हा धोका वाढतो. पायी जाणाऱ्याने नेमकी हीच गोळी खायची? शिवाय शुगरवाल्यांची साखर याने वरखाली होते. 2017 च्या आंतरराष्ट्रीय प्रवासी-आरोग्य मार्गदर्शनातही सरसकट अँटिबायोटिक नको असंच आहे. फार जोखमीचा रुग्ण असेल तर डॉक्टर ठरवतील, पण तेव्हासुद्धा हा गट नको.

वाटेवरच्या वाफाळत्या खिचडीला भिऊ नका. भ्यायचं ते बर्फाला, कापून ठेवलेल्या कलिंगडाला आणि मठ्ठ्यात ओतलेल्या पाण्याला. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीचं. साबणाची वडी खिशात ठेवा, नुसत्या पाण्याने हात धुणं पुरत नाही.

पोट बिघडलंच तर ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात चिमूट टाकून चालत नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शुगर आहे म्हणून आईला ते नाकारू नका, त्या उन्हात अंगातलं पाणी जाणं जास्त वाईट. मात्र जुलाब लागले तर शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे निघायच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

ताप आला, संडासात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर चालणं तिथेच थांबवून दवाखाना गाठा. अँटिबायोटिकचं काय ते तिथले डॉक्टर बघतील. रक्त पडत असताना जुलाब बंद करायची गोळी तर मुळीच देऊ नका.